उचल

४ मार्च

दादा,

नमस्कार आधी, रडगाणं मागून. फोनवर तू नुसता "हं, हं" करत राहतोस आणि निम्मं तुला ऐकू आलेलं नसतं, हे वहिनीनंच मला सांगितलंय. शिवाय वकिलाला सांगायचं ते लिहून आणि तारीख घालून सांगावं, हे तूच आम्हा आते-मामे भावंडांना पढवलंस. म्हणून कागद घेतला.

नवी गाडी घेतल्याचं कळवलं होतंच. राखाडी रंगाची, क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे वाकवायचे, आखडलेले खांदे सोडवायचे हे माझं काम; त्यासाठी भाड्याच्या गाड्यांमागे धावून जीव मेटाकुटीला आला होता. गाडी आली तेव्हा पहिले काही दिवस मी स्टिअरिंगवर हात ठेवून एकटीच हसायचे.

आता हसू येत नाही. परवा एका पेशंटच्या इमारतीपाशी थांबले होते. वॉचमन फाटक उघडत होता. पाय ब्रेकवर, गाडी मुंगीच्या पावलानं सरकतेय, आणि काही कळायच्या आत इंजिन गरजलं आणि गाडीनं उचल खाल्ली. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. तरी ती पुढे रेटतच होती. थरथरत थांबली तेव्हा वॉचमन भिंतीला चिकटून उभा होता. रागावला नाही बिचारा. "मॅडम, नवीन शिकताय का?" एवढंच म्हणाला. तुझी टिल्ली जन्माला यायच्या आधीपासून मी गाडी चालवतेय.

माझा पाय ब्रेकवरच होता, दादा. ॲक्सिलरेटरला मी शिवलेसुद्धा नव्हते.

हे म्हणतात, नव्या गाडीची सवय व्हायची आहे. असेलही. पण वर पेशंटकडे गेले तेव्हा ज्यांना उठवून बसवायला मी गेले त्या आजोबांनीच मला बसायला सांगून पाणी दिलं. नव्याकोऱ्या गाडीत असं निघालं तर ती परत करता येते का? मला भीती वाटतेय, आणि मी भित्री नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझी
भिंगरी


११ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र मिळाले. अक्षर अजून तसेच, धावत सुटलेले. भिंगरी नाव काही उगाच ठेवले नव्हते आत्याने.

गाडी म्हणजे चप्पल नव्हे, की चावते म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन बदलून आणली. कायदा आधी विकणाऱ्याला दुरुस्तीची संधी देतो. ती तू द्यायचीस. गाडी सर्व्हिस सेंटरला ने, तक्रार तुझ्या शब्दांत लिहायला लाव, नक्कल घे. पुन्हा तसेच झाले तर पुन्हा ने. संधी देऊनही दोष जात नाही असे दिसले, की मग आपण विकणारा आणि बनवणारा दोघांनाही धरू. गाडी बदलून मागू, नाहीतर पैसे परत मागू, आणि वर मनस्तापाची भरपाई. हे सगळे मिळते. पण ते मिळायला दोष सिद्ध व्हावा लागतो. भीती हा पुरावा नाही.

तोपर्यंत गाडी वापरत राहा. घरात उभी करून ठेवलीस तर ते म्हणतील, बाईंनी चालवलीच नाही, दोष कुठून कळला.

इकडे टिल्लीला नोकरी लागली. दाराच्या चौकटीला डोके लागायला आले तरी ती टिल्लीच. आता तिलाही गाडी हवी आहे. तुझी हकीकत मी तिला सांगितलेली नाही, उगाच धसका घेईल.

तुझा
दादा


२ एप्रिल

दादा,

तू सांगितलंस तसं केलं आणि त्याचा काय परिणाम झाला ते वाच.

मला पेशंट होते म्हणून गाडी हे घेऊन गेले. मी यांना पढवून पाठवलं होतं, "गाडी उचल खाते म्हणून सांगा." काउंटरवरच्या माणसाला यांनी सांगितलं, "उचलीची तक्रार आहे." त्यानं लिहिलं, "पिकअपबद्दल तक्रार." आतल्या मेकॅनिकनं ते वाचलं. पिकअपबद्दल लोकांची एकच तक्रार असते, की तो कमी आहे. त्यानं कॉम्प्युटर लावून पिकअप वाढवून दिला. यांनी "काम समाधानकारक" याखाली सही केली आणि गाडी धुऊन मिळाली म्हणून खूश होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्या काठी टेकत पुढे गेल्या, म्हणाल्या, "तू बस, फाटक मी उघडते, तेवढेच पाय मोकळे होतील." मी गाडी चालू केली. पाय ब्रेकवर. त्या कडी काढत होत्या, पाठ माझ्याकडे.

गाडी सुटली, दादा. मी हॉर्नसुद्धा वाजवू शकले नाही. कुठून सुचलं कोण जाणे, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये ढकलला. इंजिन जागच्या जागी बोंबलत राहिलं आणि गाडी फाटकाजवळच्या मोठ्या कुंडीवर आपटून थांबली. कुंडी तिथं नसती तर गाडी कुठे थांबली असती याचा मी विचार करत नाही. म्हणजे दिवसभर तोच करते.

सासूबाई वळल्या, कुंडीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अगं, जास्वंदीचं रोप होतं ते." त्यांना काही कळलंच नाही. मी गाडीतून उतरले आणि तिथंच फरशीवर बसले.

मी ती गाडी चालवणार नाही. पुरावा गेला खड्ड्यात.

भिंगरी


९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र दोनदा वाचले. चालवू नकोस. तसे मी आता लेखीच देतो.

एका शब्दाने घोळ केला बघ. कौतुक करताना माणूस म्हणतो, गाडी काय उचल घेते. तक्रार करताना म्हणतो, उचल नाही. तुझ्यासारखी तक्रार त्या काउंटरवर कुणी केलीच नसेल. पण जावईबापूंनी खाली सही करायला नको होती. न वाचता सही केलेला कागद समोरच्याच्या हातात काठीसारखा असतो. हे त्यांना माझ्या वतीने सांग, पण गोडीत सांग.

विकणाऱ्याला आणि कंपनीला नोटीस धाडली आहे. महिनाभर वाट पाहू, मग ग्राहक न्यायालयात तक्रार. सासूबाईंना माझा नमस्कार, आणि रोप नवे आणून लाव.

तुझा
दादा


२० जुलै

दादा,

कंपनीचं उत्तर तू पाठवलंस ते वाचलं. "ग्राहकाच्या विनंतीवरून पिकअप वाढवून देण्यात आला." म्हणजे मीच मागून घेतलं. वाचून आधी हसायला आलं, मग रडायला.

न्यायालयानं नेमलेले तज्ज्ञ पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेले. सोबत कंपनीचा इंजिनिअर आणि तुझा इथला ज्युनिअर. तज्ज्ञ चालवायला बसले आणि मालक म्हणून मला शेजारी बसायला सांगितलं. मी बसले. पट्टा लावताना क्लिप सापडेना. गाडी गल्लीतून, चौकातून, उड्डाणपुलावरून फिरली आणि शहाण्या मुलासारखी वागली. प्रत्येक सिग्नलला मी समोर रस्ता ओलांडणाऱ्या माणसांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता, आता. आणि दुसरं मन म्हणत होतं, नको. पुरावा मिळायचा तर कुणीतरी समोर असताना ती सुटायला हवी, असा काहीतरी तो प्रकार होता. पुरावा मिळाला नाही म्हणून मला बरं वाटलं, हे तुला वकील म्हणून आवडणार नाही.

अहवालात लिहिलंय, दोष आढळून आला नाही.

तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी जपून बोलतात. हे काल म्हणाले, "अगं, होतं कधीकधी. दमलेली असतेस." मला माझ्याच पायाची शंका यायला लागलीय. पेशंटकडे निघण्याआधी खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि उजवा पाय उचलून ठेवते, पुन्हा उचलून ठेवते. दर वेळी तो ठेवायचा तिथंच पडतो. मग तेव्हा कुठे पडला होता?

भिंगरी


२७ जुलै

प्रिय भिंगरी,

अहवाल विरोधात गेला तरी सगळे संपत नाही. दोष अधूनमधून दिसणारा आहे, एका फेरीत सापडणार नाही, असा युक्तिवाद करता येतो. तो मी करणारच आहे.

पण एक विचारतो. भाऊ म्हणून नाही, वकील म्हणून विचारतो, कारण समोरचा वकील भर कोर्टात विचारेल तेव्हा तू गडबडायला नकोस. मोकळेपणी सांग. पाय चुकला होता का? तसे असेल तरी मला चालेल, मी वेगळ्या रीतीने प्रकरण मांडीन. माझ्यापासून लपवू नकोस, एवढेच.

रागावू नकोस.

दादा


५ ऑगस्ट

दादा,

रागावले आहे.

मी दिवसभर लोकांचे पाय हातात घेते. कुणाची टाच आधी टेकते, कुणाचा घोटा आत वळतो, हे मी बघून नाही, नुसत्या हातानं सांगते. मला माझा पाय कळत नसेल? चुकला नव्हता. ब्रेकवर होता. हे मी कोर्टात सांगेन, घरात सांगेन, आणि तुला शेवटचं सांगते.

आणि आता हे ऐक. रविवारी सकाळी हे गुपचूप किल्ली घेऊन खाली गेले. मला दाखवून द्यायचं असणार की गाडीला काही झालेलं नाही. मी खिडकीतून बघत होते. गेले, आणि थोड्या वेळात परत आले. जिना चढून वर आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. किल्ली कपाटाच्या वर, मागे सारून ठेवली, जिथं औषधं आणि कात्री ठेवतात. मग सासूबाईंच्या खोलीत जाऊन त्यांच्या शेजारी बसून राहिले. दुपारी म्हणाले, "कोपऱ्यावर भाजीवाली बसते ना, तिच्या पाट्यांपर्यंत गेली होती गाडी." आणि मग, "मला माफ कर."

हे प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. तू मसुदा पाठव.

भिंगरी


१६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

आनंदाची बातमी. जावईबापूंचे प्रतिज्ञापत्र दाखल झाल्यापासून कंपनीचा सूर बदलला होता. खरे सांगायचे तर नवरा बायकोच्या बाजूने बोलणारच, असे न्यायाधीश म्हणाले असते. पण कंपनीला गवगवा नको आहे. त्यांचे वकील मोठे सज्जन गृहस्थ निघाले. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये बसून आम्ही मिटवले.

तुझी गाडी ते परत घेतील आणि दुसऱ्या, वरच्या मॉडेलची नवी गाडी देतील. वर खर्च देतील. त्या बदल्यात तू तक्रार मागे घ्यायचीस. करारात लिहायचे, की गाडीत कोणताही दोष सिद्ध झालेला नाही आणि दोन्ही पक्ष याविषयी कुठे बोलणार नाहीत. मसुदा मीच केला आहे, त्यामुळे भाषा चोख आहे.

सही करून पाठव. पेढीतले सगळे म्हणतात, एवढ्या लवकर गाडी बदलून मिळालेली आम्ही पाहिली नाही.

तुझा
दादा


२३ ऑक्टोबर

दादा,

तुझे कष्ट दिसतात मला. पण एक वाक्य घाल, मग सही करते. "ही गाडी पुन्हा विकली जाणार नाही, मोडीत काढली जाईल."

एवढंच. खर्च नको, वरचं मॉडेल नको. ती गाडी इथून उचलून नेतील, धुतील, पुसतील, आणि दुसऱ्या गावात कुणाच्या तरी दारात उभी करतील. तिथंही फाटक असेल. ते उघडायला कुणीतरी पुढे जाईल. मला रात्रंदिवस सासूबाईंची पाठ दिसते, फक्त आता ती त्यांची नसते, ओळख नसलेल्या कुणाची तरी असते.

भिंगरी


३० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझे वाक्य त्यांच्या वकिलांपुढे ठेवले. ते म्हणाले, दोषच नाही म्हणतो त्या गाडीला मोडीत काढायचे आम्ही लिहून कसे देऊ? तर्काने बरोबर आहे.

कायदा तुला गाडी बदलून देतो, पैसे परत देतो, भरपाई देतो. पुढचा घेणारा कोण आणि त्याचे काय, हे तुझ्या तक्रारीत बसत नाही. या एका वाक्यासाठी अडून राहिलीस तर प्रकरण वर्षानुवर्षे चालेल, हाताशी प्रतिकूल अहवाल आहे, आणि शेवटी हात हलवत परत यावे लागेल. ती गाडी मात्र तुझ्याच घरी.

जगाची काळजी जगाला करू दे. ती गाडी आपल्या दारात नाही ना? झाले तर मग.

सही कर, पोरी. मोठ्या भावाचे ऐक.

दादा


८ नोव्हेंबर

दादा,

सही केली. सोबत नक्कल जोडली आहे. काल ते गाडी घेऊन गेले. साखळीनं बांधून, मोठ्या गाडीवर चढवून. मी खिडकीचा पडदा लावून घेतला.

माझं काही सामान राहिलं असेल आत, ते मागायला खाली गेले नाही.

भिंगरी


१२ मार्च

प्रिय भिंगरी,

चार महिने झाले, तुझे पत्र नाही. नवी गाडी नीट चालते ना? इकडे सगळे क्षेम.

एक बातमी द्यायची आहे. तुला थोडा राग येईल म्हणून आजवर लिहायचे टाळत होतो. टिल्लीला गाडी घेतली. मागे तुला लिहिले होते ते कंपनीचे वकीलसाहेब, त्यांचा माझा चांगला घरोबा झाला आहे. त्यांनीच सुचवले, "शोरूममधली गाडी आहे, लोकांना दाखवायला ठेवलेली, फार चाललेली नाही, तुमच्यासाठी भाव कमी करून देतो." नंबरप्लेट आणि कागदपत्रे अजून यायची आहेत, पण त्यांच्या शब्दावर माझा भरवसा आहे.

मॉडेल तुझे होते तेच. रंगही राखाडी. तुला वाईट वाटेल, पण स्पष्टच लिहितो: असल्या हजारो गाड्या रस्त्यावर आहेत आणि लोक मजेत चालवतात. वहिनी जरा कुरकुरली, मी तिची समजूत घातली. तुझ्या वेळी काय झाले ते झाले, त्याची चर्चा नको.

गाडी झकास आहे. काय उचल घेते म्हणून सांगू. टिल्ली म्हणते, "बाबा, पाय लावायच्या आधीच निघते." आत थोडा औषधी वास येतो, दुखऱ्या पाठीला चोळायच्या मलमासारखा, कुणीतरी आजारी माणूस बघायला येऊन बसला असेल. पुढच्या सीटखाली एक रुंद हिरवा रबरी पट्टा सापडला, ताणला की लांब होतो. कशाचा ते कुणालाच कळले नाही. टिल्ली त्याने केस बांधते.

तुझा
दादा


१७ मार्च

दादा,

पत्र आत्ता आलं. मी तुला फोन लावते आहे, तू उचलत नाहीस. कानातलं यंत्र काढून कोर्टात बसला असशील. वहिनीशी बोलले. म्हणाली, टिल्ली गाडी घेऊन कामावर निघालीय, वाटेत असेल. टिल्लीला लावते आहे. तीही उचलत नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही शिस्त तिला मीच लावली.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहिते आहे. पुन्हा लावला. वाजतोय. उचलत नाही.

तो पट्टा माझा आहे. व्यायामाचा. हिरवा म्हणजे मध्यम ताणाचा, गुडघ्याच्या पेशंटना देते तो. वास माझ्या पिशवीतल्या मलमाचा. डाव्या दाराच्या आत, खाली, काळ्या गोल खुणा असतील बघ, काठीच्या बुडाच्या. सासूबाई काठी तिथं टेकायच्या. हे सगळं मी कुणाला सांगायचं नाही असं तू लिहून घेतलंयस. सांगते आहे.

पुन्हा लावला.

दादा, तेच मॉडेल घेतलंस. पोटच्या पोरीसाठी. इतके महिने माझ्या बाजूनं लढलास आणि मनातून तुला वाटत होतं की भिंगरीचा पाय चुकला. माझ्यावर विश्वास असता तर त्या गाडीला तू हात तरी लावला असतास का? मला त्याचंही काही नाही. हवं तर जन्मभर ठेवू नकोस विश्वास. आज फक्त तिला उतरव.

आला. टिल्लीचा फोन आला. पोचली आहे, उतरून ऑफिसात बसली आहे. आधी तीनदा विचारलं, "उतरलीस ना?" मग सगळं सांगितलं. बजावलं, किल्ली पर्समध्ये टाक, बसनं घरी ये, आणि कधी वेळ आलीच तर दांडा न्यूट्रलला ढकल, ब्रेकशी झटत बसू नकोस. "आत्या, बाबांना विचारते," म्हणाली.

ती तुला विचारेल. तिला काय सांगायचं ते नीट विचार करून सांग.

भिंगरी


६ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पलंगावर पडून लिहितो आहे, अक्षर समजून घे. वहिनीने फोनवर तुला थोडे सांगितले असेल. बाकीचे मला सांगायचे आहे, आणि तारीख घालून सांगायचे आहे.

टिल्ली त्या दिवशी बसने आली. तुझे पत्र पुढे मिळाले. पट्ट्याचे खरे मानले, दाराच्या खुणाही जाऊन पाहिल्या. आपल्याला फसवून तुझीच गाडी गळ्यात मारली, एवढे मला पटले. त्या गाडीत दोष आहे, हे मात्र तरीही पटले नाही. तू लिहिलेस ते खरे आहे. मला पहिल्या पत्रापासून वाटत होते की तुझा पाय चुकला. तुझ्यासाठी भांडत होतो तेव्हाही वाटत होते.

गाडी तिच्या ऑफिसबाहेर उभी होती, ती मी घरी आणली. वाटेत काही झाले नाही. मला बरे वाटले, आणि लाज वाटते सांगायला, थोडा विजयही वाटला. घरापाशी आलो. टिल्ली शेजारी बसली होती, ती उतरून फाटक उघडायला पुढे गेली. पाठ माझ्याकडे.

पुढचे तुला लिहायची गरज नाही. तू ते मला आधीच लिहिले होतेस. टिल्ली वळली आणि ओरडायला लागली. न्यूट्रल, न्यूट्रल म्हणत होती, हे नंतर कळले. माझ्या कानात यंत्र नव्हते. मला फक्त तिचे उघडे तोंड दिसत होते. मी चाक भिंतीकडे फिरवले. ती वाचली, हाताला खरचटले तेवढेच. माझ्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. डॉक्टर म्हणतात, पाय पेडलवर पूर्ण जोराने रोवलेला होता म्हणून अशी मोडली.

काल कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला, फार अदबीने बोलला. म्हणाला, "साहेब, या वयात होतं असं. पाय चुकला असेल." सोबत त्याने एक कागद आणला होता. या गाडीत कोणताही दोष सिद्ध झालेला नाही. भाषा चोख होती. माझीच.

तो गेल्यावर वहिनीनेही विचारले, हळूच, चादर नीट करता करता. अहो, खरंच पाय तिकडे पडला नव्हता ना?

भिंगरी, माझा पाय ब्रेकवरच होता. ॲक्सिलरेटरला मी शिवलोसुद्धा नव्हतो. तुला तरी खरे वाटते ना?

दादा